हॉर्नची वायर

नाना, परवा बारावीच्या वर्गात एका मुलीनं मला हटकलं. विद्युतधारेचा धडा चालू होता आणि दरवर्षी सांगते तशी मी आपल्या गाडीची गोष्ट सांगत होते. गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे, तुमचीच आहे. चावी काढून ठेवलेली गाडी, दिवे बंद, वायपर बंद, आणि तरी चार दिवस जागेवर उभी राहिली की बॅटरी उतरलेली. मग तुम्ही शाळेतून ॲमीटर आणलात, बॅटरीची वायर सोडवून तो मध्ये जोडलात, एकेक जोड सोडत गेलात आणि शेवटी चोर पकडलात. हॉर्नची वायर घासली होती, तिथून करंट गळत होता. मुलांना ही गोष्ट आवडते. पुस्तकातल्या आकृतीपेक्षा अंगणातली गाडी त्यांना जवळची वाटते. मी शिकवायला लागल्यापासून सांगत आले आहे आणि आजवर कुणी मध्ये बोललं नव्हतं.

ही मुलगी जिंतूरकडच्या एका खेड्यातून एसटीनं येते. हात वर न करताच म्हणाली, "मॅडम, वायर घासून पत्र्याला लागली असंल तर फ्यूज उडंल न्हाईतर वायर तापंल की. आन् घासलेली वायर कधी लागंल, कधी सुटंल. तुमचा काटा तर एकाच जागी होता म्हणायलात." मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. मी म्हटलं, "विचार करून सांगते," आणि पुढचं गणित घातलं. पण हातातला खडू तसाच राहिला होता. तिचं म्हणणं बरोबर होतं. इतकं साधं बरोबर होतं की मला ते कधीच का सुचलं नाही याचंच नवल वाटत घरी आले. रोजनिशी काढून पाहिली. त्या रविवारच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलंय: दोन्ही फ्यूज काढले, काटा तिथंच. कारण हॉर्नची वायर. नानांनी शोधली. हॉर्न फ्यूजवर चालतो, मग फ्यूज काढल्यावर काटा पडायला हवा होता. दोन वाक्यं एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ती लिहिताना मला ते दिसलं नाही. दिसलं नाही, कारण दुसरं वाक्य तुमचं होतं. प्रयोगाच्या जर्नलमध्ये मी एकदा आकडे सरळ रेषेत बसवले होते तेव्हा तुम्ही सगळ्या वर्गासमोर पान तांबड्या शाईनं आडवं खोडलं होतंत. "काटा तुझ्या मनासारखा वागणार नाही. जे दिसलं ते लिही. जुळलं नाही तरी चालेल." घरी आल्यावरही तुम्ही माझ्याशी मुलीसारखं बोलला नव्हतात, विद्यार्थिनीसारखंच बोललात. अशा माणसानं सांगितलेलं कारण तपासून पाहावं असं मला कसं वाटणार?

गाडी आपण का घेतली ते आधी आठवलं. विद्यापीठाच्या नावावरून जिल्ह्यात बंद चालू होते त्या काळातली गोष्ट. एसट्या डेपोतून निघत नव्हत्या, रेल्वे कुठं अडवली होती कुणाला माहीत नव्हतं, आणि आईचा दमा नेमका त्यातल्याच एका दिवशी उठला. सेलूतल्या डॉक्टरांनी दोन इंजेक्शनं दिली आणि हात वर केले, परभणीला न्या म्हणाले. कशातून न्यायचं? दुपारनंतर जिनिंगमधून एक ट्रक निघाला, रुईच्या गाठी भरलेला. दम्याच्या बाईला कापसाच्या ट्रकमधून नेणं म्हणजे काय ते तुम्ही जाणत होतात, पण दुसरं काही नव्हतं. केबिनमध्ये सगळीकडे कापसाचे तंतू. आईच्या नाकातोंडावर तुम्ही ओला पदर धरून ठेवलात, थेट दवाखान्यापर्यंत. तिथून परत आल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "आता दारात गाडी पाहिजे." सेलूत तेव्हा शाळामास्तराच्या दारात गाडी म्हणजे लोकांना हसायला विषय. जिनिंगच्या मॅनेजरनं विकायला काढलेली ती जुनी पांढरी गाडी तुम्ही कशी घेतलीत ते आम्हाला कधी सांगितलं नाहीत. चालवायला मात्र त्याच्याच ड्रायव्हरकडून शिकलात, मोंढ्यातल्या आडत दुकानांसमोरच्या मोकळ्या मैदानात, सुटीच्या दिवशी, कपाळावर घाम आणि ओठ घट्ट मिटलेले.

गाडी फिरायला नव्हती. आठवडाभर कडुलिंबाखाली ताडपत्री पांघरून उभी. शनिवारी तुम्ही ती स्टेशनपर्यंत नेऊन आणायचात, अंग मोकळं व्हावं म्हणून, आणि कधीमधी आईला पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला. आई आत जायची, तुम्ही बाहेर गाडीला टेकून उभे राहायचात. दसऱ्याला सगळ्या गल्लीत गाड्यांना हार, हळदीकुंकू, नारळ. तुमचं म्हणणं, "लोखंडाला झेंडू कशाला? बरं, एक हार घाल. नारळ बोनेटवर फोडू नको, पोचे पडतील." आईनं काचेजवळ देवाची तसबीर लावायची म्हटलं तर "रस्ता दिसला पाहिजे, देव नंतर" असं म्हणून तुम्ही विषय संपवला होता. समोरचा झाकणाचा कप्पा मात्र आईचा. त्यात तिच्या दम्याच्या गोळ्या, लवंगा, एक स्वच्छ रुमाल. आईच्या ट्रंकेला जसा आपण कुणी हात लावत नसू तसा त्या कप्प्यालाही कधी लावला नाही.

बॅटरी उतरायला लागली ती दसऱ्यानंतरच. शनिवारी चावी फिरवली की नुसतं टक. मग गल्लीतली माणसं धक्का द्यायला. समोरचे किराणावाले काका गल्ल्यावरूनच ओरडायचे, "काय सर, पोरांला करंट शिकवायलात आन् घरचा करंट पळून जायलाय!" तुम्ही हसून हात करायचात, पण कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. गाडीचे मिस्तरी आले, त्यांनी बॅटरीत पाणी पाहिलं, टोकं घासली, म्हणाले, "सर, बॅटरी बिलकूल चांगली हाय. कोणतरी पिऊ लागलंय तिला."

"कोण पितंय?"

"आता ते तुमी सायन्सवाल्यांनी सांगायचं. आमी पान्हेवाले."

दिवाळी झाली, जिनिंग रात्रंदिवस चालू झालं आणि हवेत कापूस उडायला लागला. एका सकाळी तुम्ही शाळेला निघताना आई बाजेच्या कडेला दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसलेली, खांदे वर-खाली होतायत, तोंडातून शब्द नाही. तुम्ही ताडपत्री ओढून काढलीत, तिला उचलून पुढच्या सीटवर बसवलंत, चावी फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक. मी मागच्या सीटवरून तुमची मान बघत होते. तुम्ही उतरलात आणि मोंढ्याकडे पळालात. धोतर नव्हतं की पायात येईल, पँट होती, पण मी तुम्हाला आयुष्यात त्याआधी पळताना पाहिलं नव्हतं. हमाल आले, "धरा, धरा, बाई हायेत आत" असं म्हणत त्यांनी गाडी पार रस्त्यापर्यंत ढकलली आणि तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. परभणीपर्यंत तुम्ही ते बंद पडू दिलं नाहीत, फाटकावर थांबलो तेव्हाही पाय ॲक्सिलरेटरवर. संध्याकाळी नळीतून श्वास घेऊन आईला बरं वाटलं तेव्हा तिनं पहिली गोष्ट विचारली ती घरी दूध तापवलं का. तुम्ही व्हरांड्यात उभे होतात, बोटांना काळं वंगण. मला म्हणालात, पण माझ्याकडे न बघता, "गाडी घेतली कशासाठी मग?"

त्या रविवारी तुम्ही शाळेतून ॲमीटर आणलात. आई दवाखान्यातून घरी आली होती, स्वयंपाकघरात पाटावर बसून तांदूळ निवडत होती. आपण दोघं अंगणात. काटा वाचायचं काम माझं. उन्हात काचेवर चकाकी यायची म्हणून मी ओढणीची सावली धरून बसले होते. काटा शून्याच्या जरा पुढे, एकदम शांत, जणू तिथं चिकटवलेला. तुम्ही पहिला फ्यूज काढलात. "सांग." "तिथंच, नाना." दुसरा काढलात. "सांग." "तिथंच." तुमचा चेहरा उजळला. मला कळलं नाही, अजून सापडलं नाही आणि हे खूश कसे. तुम्ही म्हणालात, "म्हणजे जे काय आहे ते फ्यूजच्या अलीकडे आहे. थेट बॅटरीला. आता जाईल कुठं?" मग बॅटरीच्या टोकाशी गुंडाळलेली काळी चिकटपट्टी तुम्हाला दिसली. ती उकलली तर आत एक बारीक लाल वायर, बाकीच्या वायरींपेक्षा नवी. ती सोडलीत. काटा पडला. मी ओरडले, "शून्य!" जोडलीत, काटा पुन्हा तिथंच. सोडलीत, शून्य. तुम्ही तीनदा केलंत, नुसत्या आनंदानं. मग ती वायर जोडून तिच्यावर बोट ठेवून आत आत जात राहिलात, पुढच्या सीटसमोर उताणे झालात, डोकं डॅशबोर्डच्या खाली, पाय दाराबाहेर. मला तुमचे पाय तेवढे दिसत होते. एक चप्पल गळून पडली होती. पाय हलत होते, आणि मग हलायचे थांबले.

जरा वेळानं आतून आवाज आला, "जा गं, पाणी आण."

मी आत गेले. आईनं विचारलं, "सापडलं का?"

"सापडायलंय."

"काय सापडायलंय?" सुपातला तिचा हात थांबला होता. मी घाईत होते, तांब्या भरून बाहेर पळाले. तुम्ही आता आईच्या सीटवर बसला होतात, दार लावून, दोन्ही हात गुडघ्यांवर, समोर बघत. मी विचारलं काय होतं. तुम्ही पाणी प्यालात, सगळं, आणि म्हणालात, "हॉर्नची वायर घासली होती." मी म्हटलं दाखवा. "बांधून टाकली. बघ, काटा बघ." काटा शून्यावर होता. मग तुम्ही हात धुवून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलात आणि आईला सांगितलंत, "हॉर्नची वायर होती."

"हॉर्नची?" आई म्हणाली.

"हां, हॉर्नची."

"बरं बाई, सापडली ते."

मला वाटलं, तिचा सुस्कारा गाडीसाठी आहे. दुपारी रविवार असून तुम्ही शाळेत गेलात. ॲमीटर परत ठेवायला, असं म्हणालात. येताना खांद्याला पिशवी होती. शाळेची उत्तरपत्रिकांची पिशवी तुमच्या खांद्याला नेहमीच असायची, त्यामुळे तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

त्यानंतर गाडी कधी अडली नाही. पुढच्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा बंद, पुन्हा एसट्या बंद, आणि आईचा श्वास पुन्हा अडकला. चावी फिरवताच इंजिन लागलं. वाटेत एके ठिकाणी रस्त्यावर बाभळीच्या फांद्या टाकून पोरं बसली होती. त्यांनी आत वाकून आईकडे पाहिलं आणि "जाऊ द्या, जाऊ द्या, बाईला दम लागलाय" म्हणत फांद्या ओढून बाजूला केल्या. त्या वेळी गाडी लागली नसती तर आई राहिली नसती, हे दवाखान्यात आम्हाला कुणी सांगावं लागलं नाही. बरी होऊन घरी येताना आई गाडीत नमस्कार करत होती, समोरच्या त्या कप्प्याला. मला वाटलं, गाडीलाच करतेय.

तर परवा संध्याकाळी हे सगळं डोक्यात घेऊन मी आईजवळ बसले. ती आता माझ्याकडेच असते, परभणीला. कान थोडे गेलेत, दमा कमी झालाय, जीभ जशीच्या तशी आहे. मेथी निवडत होती. मी विचारलं, "आई, आपल्या गाडीच्या हॉर्नला काय झालं होतं गं?" तर ती हसायलाच लागली. हसता हसता खोकला आला, पाणी दिलं, तरी हसतेच आहे.

"हॉर्नला काय व्हायचंय? माझा दिवा होता तो."

मग तिनं सांगितलं, नाना. दसरा झाल्यावर तुम्ही शाळेत गेला असताना तिनं मिस्तरींना बोलावलं. पोखर्णीहून आणलेली नृसिंहाची बारकी तसबीर तिनं कप्प्याच्या आत लावली होती. "काचेला लावायची न्हाई म्हणाले ना? मग आत. मला गाडीत बसायचं भ्या वाटायचं, त्या ट्रकापासनं. म्हनलं, देव पुढं असू दे." तसबिरीवर बारका बल्ब. मिस्तरींनी आधी तो चावीवर जोडला होता. चावी काढली की बल्ब बंद. ते तिला चालेना. "मी म्हनलं, देव काय गाडीचा क्लिनर हाय का, गाडी थांबली की त्यानंबी झोपायचं? नंदादीप असतोय तो. शांत होऊ द्यायचा नसतो. आन् गाडी उभी असतानाच तर मला त्याची गरज. चालू झाल्यावर तुझे नाना हायेतच की." मिस्तरी घाबरले होते. म्हणाले, भाभी, सर मला नेऊन बाकावर उभं करतील. मग म्हणाले, एवढ्या मोठ्या बॅटरीतून एवढासा बल्ब म्हणजे हौदातून चिमणीनं घोट घ्यावा, काय फरक पडणार? आणि थेट बॅटरीला जोडून दिला. वरचेवर उतरणाऱ्या बॅटरीचा संबंध आईनं त्याच्याशी लावला नाही. मिस्तरींनीही लावला नसावा, निदान मला तसं मानायला आवडेल.

"त्या दिवशी तू सापडायलंय म्हनलीस आन् म्हनलं, गेला आता माझा दिवा. पन हॉर्न निघाला! तुझे नाना एवढे हुशार, पन शेवटपर्यंत पत्ता लागला न्हाई त्यान्ला." ती पुन्हा हसली. मग मेथीची जुडी खाली ठेवून म्हणाली, "पन देवाचीच करणी बग. बारका बल्ब, एवढी वर्षं, कधी म्हनून गेला न्हाई. गोळ्या काढायला कप्पा उघडावा तर आपला तेवतच हाय. एकदाच शांत झाला. तुझे नाना गेल्यावर. चार-पाच दिवस झाले असतील. सुतकात देवाला हात लावायचा नसतोय, मी गोळ्या घ्यायला गेले, उघडून बगते तर अंधार. आपोआप. देवालाबी कळलं म्हन."

मी तिची मेथी निवडायला घेतली. नाना, तुम्ही गेलात तेव्हा विद्यापीठाचं नामांतर व्हायचं होतं. पुढं त्याचा निकाल लागला तो पाहायला तुम्ही नव्हतात. तुम्ही असताना काय काय पाहिलंत ते मात्र मला आता एकेक करून दिसायला लागलं. गाडी विकली तेव्हा ड्रायव्हरच्या सीटखाली स्कूटरची एक बारकी बॅटरी निघाली होती. घेणाऱ्यानं विचारलं, ही कशाला? मला सांगता आलं नाही. जास्तीची असेल म्हटलं, घेऊन जा. तुमच्या टेबलाच्या खणात खडूंच्या शेजारी पत्र्याच्या डबीत बारके बारके बल्ब असायचे. ते मी शाळेचे समजत होते, प्रयोगशाळेला देऊनही टाकले. आणि ती पिशवी. एक-दोन दिवसांआड तुम्ही एक बॅटरी शाळेत नेऊन चार्जिंगला लावायचात आणि दुसरी घेऊन यायचात, वर उत्तरपत्रिका. तिच्यातून ॲसिड झिरपायचं. पँटला उजव्या बाजूला भोकं पडायची. आई उजेडाला कापड धरून विचारायची, "ही भोकं कशानं पडायलीत हो?" आणि तुम्ही म्हणायचात, "प्रयोगशाळा." ती रफू करायची. तिच्याच दिव्यापायी पडलेली भोकं ती बसून रफू करायची, आणि तुम्ही पुन्हा पिशवी खांद्याला लावायचात.

त्या रविवारी तुम्ही सीटसमोर उताणे पडून झाकणाच्या फटीतून तो उजेड पाहिलात, मला पाण्याला पाठवून कप्पा उघडलात, तेव्हा काय वाटलं असेल ते मी अजून नीट धरू शकत नाही. वायर ओढून काढणं एका क्षणाचं काम होतं. आईचाच श्वास पणाला लागला होता, तिचाच दिवा बॅटरी पीत होता, आणि तुमच्याजवळ पुरावा होता. तुम्ही तो तिच्यापुढे ठेवला असतात तर ती रडली असती, ऐकलंही असतं. पण मग गाडीत बसताना तिची भीती परत आली असती, आणि दम्याला भीती काय करते ते आपण पाहिलेलं होतं. असा विचार तुम्ही केला असेल. किंवा केला नसेल, नुसतं तुम्हाला ते काढवलं नसेल. सकाळपासून शाळेतून परत येईपर्यंत दिवा बंद होता, हे तुमच्याखेरीज कुणाला माहीत नव्हतं. तेवढा वेळ तुम्हाला चैन पडली नसावी, असं मला वाटतं. तुम्ही देवाला मानत नव्हतात. बाहेर उभे राहायचात, गाडीला टेकून. मग बल्ब गेला की कप्पा उघडून दुसरा लावताना, तसबिरीच्या इतक्या जवळ हात नेताना, तुम्ही काय म्हणत होतात स्वतःशी? हे विचारायला मला आता कुणी नाही.

दोन रात्री मी एकाच गोष्टीपाशी अडले आहे. आईला सांगायचं का? जे दिसलं ते लिहायचं, जुळलं नाही तरी. तुम्हीच शिकवलंत. आणि हे तर पुरतं जुळतंय. पण आईजवळ आज एक देव आहे, ज्यानं तिचा दिवा इतकी वर्षं विझू दिला नाही. मी बोलले तर तो देव तिच्या हातून काढून घेऊन त्या जागी तुम्हाला ठेवावं लागेल. कदाचित तिला तेच जास्त हवं असेल. तिला नवरा मिळेल, असा जो तिनं ओळखलाच नाही. कदाचित या वयात देव जास्त लागतो. आणि तुम्ही गेल्यावर दिवा शांत झाला याचा तिनं जो अर्थ लावला, तो मला चूक म्हणवत नाही. कारण तेवढं वेगळं आहे. मी कुणाच्या बाजूनं गप्प बसते आहे, तिच्या की तुमच्या, की मलाच हे एकटीला जवळ ठेवायचं आहे, हेही मी स्वतःला विचारून पाहिलं. उत्तर स्थिर राहत नाही.

त्या मुलीला मात्र उत्तर देणं भाग होतं. आज वर्गात गेल्या गेल्या सांगितलं, "तुझं बरोबर होतं. हॉर्नची वायर नव्हतीच. कप्प्यात एक दिवा होता, थेट बॅटरीला जोडलेला. तो चालूच होता."

ती खूश झाली. "मग काढून टाकला का, मॅडम?"

"नाही. त्याला वेगळी बॅटरी दिली."

वर्ग हसला. कुणीतरी म्हणालं, "एवढ्याशा बल्बाला वेगळी बॅटरी?" ती मुलगी हसली नाही, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "पन काढूनच टाकायचा ना. कामाचा व्हता का तो?" मी म्हटलं, हो, कामाचा होता. मग फळ्याकडे वळून आकृती काढली. एकच गाडी, आत दोन बॅटऱ्या, दोन परिपथ, एकाचा दुसऱ्याला कुठंही जोड नाही. "ही वहीत उतरवून घ्या," म्हटलं. मग दुसऱ्या परिपथातला बारका बल्ब पुन्हा एकदा गडद केला.

आता हे लिहीत बसले आहे. शेजारच्या खोलीतून आईनं विचारलं, "काय लिहायलीस गं एवढं?"

मी म्हटलं, "मुलांची जर्नलं तपासायलेय."

"जर्नलं?"

"हां, जर्नलं."

"बरं बाई," आई म्हणाली.